कादंबरीतला घाव

नौपाडा, ठाणे
२ नोव्हेंबर १९५३

चि. गोदा हीस परशुरामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. घरातली माणसं खुशाल आहेत, छापखान्यातली नुसती जिवंत आहेत. डोंबिवलीकरांचं यापेक्षा बरं चाललं असावं.

यंदा दिवाळीला पाच पुस्तकं एकदम काढली. तुझी विमलवहिनी म्हणते, पाच मुली एकाच मांडवात उजवल्यासारखं झालं, कुणाच्याच पानात धड जेवण पडलं नाही. पाचही लेखक नवे. त्यांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. ठाकुर्लीच्या वीजघरातल्या एका बाबूंच्या कविता, एका शाळामास्तरांचं ऐतिहासिक नाटक, कल्याणच्या कलावतीबाईंचं काशीयात्रेचं वर्णन, गुरांच्या रोगांवरचं एक पुस्तक आणि एक रहस्यमय कादंबरी. पार्सल सोबत पाठवलं आहे.

प्रकाशनाचा समारंभ मात्र रक्तानेच झाला. जाहिरातीत आधी कवीचं नाव की नाटककाराचं, यावरून दुकानातच जुंपली. नाटककारांनी उठून कवींच्या नाकावर ठोसा मारला. कवींनी शाईचा डबा त्यांच्या डोक्यात घातला. पहिला गठ्ठा लाल आणि काळ्या डागांनी रंगला तो बाजूला ठेवावा लागला. मी मध्ये पडलो तर माझा सदरा फाटला.

कादंबरीचा लेखक मात्र कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. तानाजी निकम त्याचं नाव. सातारकडचा, मोहन्याच्या कारखान्यात हजेरी लिहितो. इतका भिडस्त की चहा दुसऱ्यांदा विचारला तर नको म्हणतो आणि मग रिकाम्या कपाकडे बघत बसतो. पण ‘चिखलातला हात’ वाचशील तर अंगावर काटा येईल. खाडीकाठच्या मिठागरावर थोरला भाऊ धाकट्याला ठार मारून खाजणात पुरतो, आणि मग ओहोटीला चिखलातून हात वर येतो. एवढा मऊ माणूस असलं कुठून काढतो, देव जाणे.

सगळी वाच आणि भीड न ठेवता लिही. तुझ्याइतकं कडू माझ्याशी दुसरं कुणी बोलत नाही. अनंतरावांना गुरांचं पुस्तक दे. धाकटीचा पापा घे. आहे ती माया राहू दे.

तुझा
दादा


डोंबिवली
१९ नोव्हेंबर १९५३

ती. दादास गोदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पार्सल मिळालं. इकडे सर्वांची प्रकृती चांगली, फक्त शेजारच्या म्हशीची नाही. गुरांचं पुस्तक आल्यापासून हे रोज सकाळी तिची जीभ ओढून बघतात. म्हैस यांना ओळखायला लागली आहे आणि शिंग उगारते.

आता कडू ऐक. कवितांमध्ये पानापानावर चंद्र आहे. वीजघरात काम करणाऱ्या माणसाला एवढा चंद्र कशाला लागतो? नाटकात सगळेच सरदार एका श्वासात पानभर बोलतात. कलावतीबाई मात्र मला फार आवडल्या. घाटावर पंड्याने अंगठी ओढली तेव्हा त्यांनी त्याला तांब्याने कसा बडवला, ते वाचून सासूबाई पोट धरून हसल्या. या बाईंना सोडू नकोस.

तुझी रहस्यकथा दुपारी ओट्यावर मोठ्याने वाचली. शेजारणी जमतात, कुणी शेंगा सोलतं, कुणी वाती वळतं. आमच्याकडे भाजीची पाटी घेऊन सखुबाई येते, खाडीकडच्या गावातली आगरीण, तीही टेकली. तिचा नवरा धाकू लढाईच्या दिवसांत मिठागरावर गेला तो परत आलाच नाही. भरतीने ओढून नेला असं गाव म्हणतं. प्रेत सापडलं नाही. तेव्हापासून मिठागर, शेत सगळं थोरला दीर नाथा याच्याकडे आहे आणि ही पाटी फिरवून पोट भरते. हे मला ठाऊक होतं, पण वाचायच्या नादात लक्षातच राहिलं नाही. चिखलातून हात वर येतो तिथे आले आणि बघते तर सखुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिलेली. तिने विचारलं, बाय, लिवणारा कंच्या गावचा? मी म्हटलं, अगं, हे सगळं मनचं असतं, तो तर सातारकडचा आहे. ती म्हणाली की लिवणारा तवा तिथंच उभा व्हता. आणि पाटी तशीच टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाटी न्यायला आली तेव्हा तिने पुस्तकच मागितलं. तिला अक्षर येत नाही, पण घरात असू दे म्हणाली. मला नाही म्हणवेना, दिलं. आता ऐकते की त्यांच्या गावचे मास्तर ते चावडीवर वाचून दाखवतात आणि लोकांना बसायला जागा उरत नाही. लेखकाला सांग, खूश होईल.

वहिनींना नमस्कार. पत्रातून जीव असाच लावत जा.

तुझी
गोदा


नौपाडा, ठाणे
७ डिसेंबर १९५३

चि. गोदास आशीर्वाद. वि. वि. मी आहे. हे आधी लिहितो, कारण वर्तमानपत्रात काही आलं असेल तर तू घाबरली असशील. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजव्याने लिहितो आहे.

परवा भर दुपारी खिळे जुळवणारे जुळारी जेवायला बाहेर गेलेले असताना माणसं आली. पाच-सहाजण असतील, हातांत फावडी आणि काठ्या. पुढे एक धिप्पाड, पिकल्या मिशांचा. त्याने ‘चिखलातला हात’ माझ्या टेबलावर आपटलं आणि विचारलं की हे तुला कोणी सांगितलं. मला वाटलं, पुस्तकाबद्दलच काही विचारतोय, म्हणून मी बसायला सांगितलं. त्याने माझ्या तोंडावर मारलं. मग बाकीच्यांनी खिळ्यांचे खण उपसून जमिनीवर ओतले. इतक्या वर्षांची अक्षरं एकमेकांत मिसळून ढीग झाला, त्याच्यावर ते नाचले. पुस्तकांचे गठ्ठे रस्त्यावर ओढून, रॉकेल ओतून पेटवले. समोरच्या दुकानांनी फळ्या लावून घेतल्या. माणसं फळ्यांच्या फटीतून बघत होती, ते मला दिसत होतं.

त्या माणसाला बाकीचे नाथाशेठ म्हणत होते. तो एकच विचारत होता, कोणी सांगितलं. मी म्हटलं, कुणी नाही, कल्पित आहे. त्याने माझा डावा पंजा ट्रेडल छापयंत्राच्या जबड्यात धरायला लावला आणि स्वतःचा पाय पायट्यावर ठेवला. गोदा, मी तानाजीचं नाव सांगितलं. मोहन्याचा कारखानाही सांगितला, तो त्याने विचारलाही नव्हता. त्यावर तो हसला आणि तरीही त्याने पाय दाबला. दोन बोटांची हाडं गेली. ओरडलो तो आवाज माझा होता हे मला नंतर विमलने सांगितल्यावर कळलं.

मी लगेच माणूस पाठवला आहे, पण तुम्हाला मोहने जवळ. अनंतरावांना म्हणावं, हातातलं काम टाकून जा आणि त्या मुलाला दुसरीकडे हलवा. बाकी मग बोलू. सांभाळून राहा.

दादा


डोंबिवली
१४ डिसेंबर १९५३

ती. दादास गोदाचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचून हे चप्पल शोधत न बसता तसेच निघाले. पण उशीर झाला होता.

पाळी सुटली तेव्हा त्यांनी तानाजीला कारखान्याबाहेरच्या रस्त्यावर गाठलं. शेकडो माणसं बाहेर पडत होती. त्याला खाली पाडून लाथा घातल्या, बरगड्या मोडल्या, आणि तू ज्या हाताने लिहिलंस तो दाखव म्हणून उजवा पंजा दगडावर ठेवून फावड्याच्या बोथट मागच्या बाजूने ठेचला. कुणी पुढे आलं नाही. ह्यांनी आणि एका टांगेवाल्याने त्याला कल्याणच्या दवाखान्यात पोचवलं.

मी दुसऱ्या दिवशी बघून आले. एक डोळा पूर्ण मिटलेला. त्याने मला सांगितलं की सगळं मनाने लिहिलं. मिठागर त्याने आयुष्यात एकदाच, ते पण गाडीच्या खिडकीतून, पाहिलं आहे. भावाभावांचं वैर त्याला सुचलं कारण त्याला भाऊ नाही. मी त्याला सखुबाईचं सांगितलं, तिच्या नवऱ्याचं आणि तो नाथा तिचाच थोरला दीर आहे हे. क्षणभर, दादा, त्याचा उघडा डोळा चमकला. म्हणाला, म्हणजे खरं निघालं का माझं? आणि लगेच तोंड भिंतीकडे फिरवून रडायला लागला.

सखुबाईलाही सोडलेलं नाही. मास्तर चावडीवर वाचत असताना नाथाने पुस्तक हिसकावलं आणि ते गावात कुणी आणलं ते काढून घेतलं. अंगणात सगळ्यांदेखत तिला केसांना धरून फिरवलं. कानातली बुगडी ओढली ती कानाच्या पाळीसकट आली. ती फडकं दाबून माझ्याकडे आली तेव्हा मी तिला तानाजीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, की पुस्तक खोटं आहे. ती म्हणाली, खोटं हाय तर त्याला एवढं का लागलं? दादा, नाथा गप्प बसला असता तर त्या पुस्तकाकडे गावाने दोन दिवसांत पाठ फिरवली असती.

ती पोलिसांकडे गेली. तिथे तिला विचारलं की कादंबरीवरून माणसाला फासावर चढवायचं म्हणतेस का, आणि सगळे हसले.

पुस्तक मी वाचलं, मी दिलं. तू नाव सांगितलंस म्हणून स्वतःला खात असशील, तर निदान एकटा खाऊ नकोस. हात पाण्यात घालू नकोस. वहिनींना धीर दे.

तुझी
गोदा


नौपाडा, ठाणे
३ जानेवारी १९५४

चि. गोदास आशीर्वाद. वि. वि. प्लास्टर अजून आहे. खिळ्यांचा ढीग निवडायला जुळारी सकाळपासून बसतात, क आणि फ वेगळे करतात. थट्टामस्करी सध्या या घरात होत नाही.

त्या गावचे पंच काल येऊन गेले. सभ्य माणसं, विमलच्या हातचा चहा घेतला. त्यांचं म्हणणं, मी माफीपत्र छापावं, त्यात सर्व मजकूर खोटा आणि नाथाशेठसारख्या प्रतिष्ठिताशी त्याचा काही संबंध नाही असं यावं, उरलेल्या प्रती जाळाव्यात. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते देवळासमोर गावापुढे वाचून दाखवावं. मग नाथा पुन्हा वाटेला जाणार नाही. सखुबाईलाही राहू देईल. मी विचारलं की नाही केलं तर. त्यावर त्यांनी मुलं कुठल्या शाळेत जातात ते विचारलं.

माफीपत्र मी छापलं आहे. खोटं त्यात काही नाही म्हण, मजकूर कल्पितच आहे. पण छापताना जन्मात पहिल्यांदा मला शाईचा वास सहन झाला नाही.

वाचायला मला जायला हवं. गोदा, मी जाऊ शकत नाही. अनंतराव सरकारी नोकरीतले, शांत, त्यांच्या अंगावर कुणी जाणार नाही. त्यांनी वाचावं अशी विनंती. भ्याड म्हणायचं तर म्हण. उत्तर लवकर दे आणि राग धरू नकोस.

दादा


डोंबिवली
१८ जानेवारी १९५४

ती. दादास गोदाचा नमस्कार. क्षेमकुशल लिहिण्यासारखं नाही, म्हणून ते सोडते. घडलं तसं सांगते.

ह्यांचा घसा बसला होता, म्हणून वाचायला मी गेले. हे बरोबर होते. भर दुपारी देवळासमोर सगळा गाव जमला होता. नाथा खुर्चीवर, नवं धोतर नेसून. बायका एका अंगाला. सखुबाई गवत कापून तशीच आलेली, भारा बाजूला टाकलेला, कोयता कमरेच्या आकडीत. तिला मुद्दाम बोलावलं होतं, तिने सगळ्यांपुढे पुस्तक खोटं म्हणावं म्हणून.

मी माफीपत्र वाचलं. नाथा मान डोलवत होता. तिथेच संपायचं. पण पायरीवर बसलेला एक म्हातारा म्हणाला की खोटं काय ते आम्हाला नीट ऐकू तरी दे, मास्तरांचं वाचन अर्धंच राहिलं. नाथा म्हणाला, वाचा. ह्यांनी मला नको म्हणून खूण केली. नाथाने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि पुन्हा म्हणाला, वाचा, बघू दे लोकांना कसलं भिकार लिवलंय.

जाळायला आणलेली एक प्रत उघडून मी खुनाचं पान वाचलं. धाकटा पाठमोरा मीठ ओढत असतो, थोरला गवतातून वाकून येतो आणि मागून त्याच्या डोक्यात फावडं घालतो. आपल्याला कोणी मारलं ते धाकट्याला कळतच नाही. एवढं वाचते तोच पोरांतून कुणीतरी हसलं आणि म्हणालं की म्हणजे समोर यायची छाती नव्हती म्हण की.

नाथा उठला. त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तो ओरडला की नाथा कुणाला मागून मारीत नाही. म्हणाला, मी धाकूला नावाने हाक मारली, तो वळला, माझ्या हातात भाकरीचं फडकं बघून हसला, आणि मग समोरून घातलं मी. एवढं बोलला आणि स्वतःचाच आवाज ऐकू आल्यासारखा थांबला.

सखुबाई धावली नाही. चालत आली. नाथाने तिला पाहिलं, हात वर केला. पहिल्या घावाने त्याची बोटं गेली, दुसरा मानेत बसला. कोयता हाडात अडकला तो तिने पाय लावून ओढला आणि पुन्हा घातला. रक्त माझ्या पातळावर, त्या पानावर, माफीपत्रावर उडालं. तो खुर्चीसकट आडवा झाला आणि टाचा घासत राहिला, मग तेही थांबलं. त्याचे मुलगे समोर उभे होते, पण पुढे झाले नाहीत. ती जाऊन आपल्या गवताच्या भाऱ्याशेजारी बसली आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलली नाही.

मला अजून हात धुवावेसे वाटतात. इकडे येऊ नकोस.

गोदा


नौपाडा, ठाणे
२१ फेब्रुवारी १९५४

चि. गोदास आशीर्वाद. वि. वि. तुझ्या घरावर दगड पडले आणि अनंतरावांच्या कपाळाला टाके पडले, हे मला परक्याकडून कळावं? एवढी मी तुला दूर झालो का?

सखुबाईच्या वकिलांना भेटलो. सारा गाव म्हणतो की नाथा काहीच बोलला नाही, ती वेडाच्या भरात धावून गेली. म्हातारा म्हणतो आपल्याला ऐकू कमी येतं. हसणारा पोरगा मुंबईला निघून गेला. अनंतराव म्हणतात की शब्द त्यांना नीट कळले नाहीत, मागे गर्दीत होते. वकील सांगतात, नवऱ्याला कसं मारलं ते मारणाऱ्याच्याच तोंडून ऐकून त्या क्षणी हात उचलला असं शाबीत झालं, तर फाशी टळेल. ते शाबीत करणारी एकच आहे, तू.

आणि मी तुला सांगतो आहे की बोलू नकोस. नाथाच्या मुलग्यांनी मला निरोप पाठवला आहे, तुलाही आला असेल. तुझी मुलगी लहान आहे. सासूबाईंचं म्हणणं कानावर आलं, ते खरं आहे, चांगल्या घरच्या बाईने खुनाच्या खटल्यात उभं राहू नये. हे मी लिहितो आहे, ज्याने आजवर तुला वाचायला आणि बोलायला शिकवलं.

आणखी एक सांगायचं आहे. मुंबईचे पुस्तकविक्रेते पत्रावर पत्र पाठवतात, ‘चिखलातला हात’ची दुसरी आवृत्ती काढा, वर लाल पट्टी लावा की याच पुस्तकावरून खून झाला. मी दोन दिवस खरंच विचार केला. मग पानांचे जुळवून ठेवलेले उरलेले फर्मे आपल्या हाताने सोडून खिळे मोकळे केले. तानाजीला हे कळवलं तर त्याने डाव्या हाताने वेडंवाकडं एवढंच लिहून पाठवलं की बरं केलंत. त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नाहीत.

माझं ऐक. नसलं ऐकायचं, तरी मला कळव.

दादा


डोंबिवली
२९ ऑगस्ट १९५४

ती. दादास गोदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र न लिहिता मी कोर्टात उभी राहिले, आणि तूही न कळवता येऊन बसलास. मोडका पंजा वर करून न्यायाधीशांना दाखवलास आणि नाथाने काय केलं ते सांगितलंस, तेव्हा तुझा आवाज कापत होता, पण तू थांबला नाहीस. मी तिथे काही बोलले नाही. आता बोलते. मला अभिमान वाटला.

सरकारी वकिलांनी मला विचारलं की बाई कादंबऱ्या फार वाचतात का. सगळे हसले. मी म्हटलं, वाचते, म्हणूनच लिहिलेलं कोणतं आणि नाथा बोलला ते कोणतं, हा फरक मला चांगला कळतो. हे मागच्या बाकावर होते. बाहेर आल्यावर म्हणाले की पुढच्या वेळी मीही ऐकलं होतं असं सांगेन. पुढची वेळ नसते, हे त्यांनाही माहीत आहे. पण कपाळावर व्रण घेऊन ते रोज माझ्याबरोबर आले, ते मी विसरत नाही.

सखुबाईला सात वर्षांची शिक्षा झाली. फाशी टळली. परवा मी तिला तुरुंगात भेटायला ठाण्याला आले होते. तुझ्या दारावरून गेले आणि आत आले नाही. वहिनींनी खिडकीतून पाहिलं असेल तर त्यांना वाईट वाटलं असेल. का आले नाही ते सांगते.

मी तिला विचारलं, एवढी वर्षं सोसलंस, त्याने मारलं, कान फाडला तरी हात उचलला नाहीस, मग त्या दिवशीच का? ती म्हणाली, बाय, पुस्तकात माझ्या धन्याला कळलंच नव्हतं कोणी मारलं ते. ते ऐकून मना बरं वाटलं होतं. मास्तरांकडून मी तेवढंच परत परत वाचून घेतलं. पाठमोरा होता, कामात होता, गेला. तेवढ्यावर मी झोपत होते.

मग तिने सांगितलं की धाकू गेला त्या दिवशी तिच्या अंगात ताप होता. मिठागरावर भाकरी न्यायला ती उठू शकली नाही. नाथा तिकडेच चालला होता, म्हणून तिने फडक्यात बांधून भाकरी त्याच्या हातात दिली. परत आल्यावर नाथाने सांगितलं की धाकू भेटलाच नाही, भाकरी मी गाईला घातली. हे तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, पुस्तकात तर नव्हतंच. म्हणून नाथाच्या तोंडून फडक्याचं नाव निघालं तेव्हाच तिला समजलं की हा खरं बोलतोय. कोर्टात हे सांगितलं असतंस तर शिक्षा अजून कमी झाली असती, असं मी म्हटलं. ती म्हणाली, ते कसं सांगू? माझा धनी माझं फडकं बघून हसला, बाय.

तिथून निघाल्यावर मला कुणाच्या घरी जाऊन पाट मांडून बसवेना. तुझ्या दारात विमलवहिनी काय वाढू म्हणून विचारतील, त्या विचारानेच पाय पुढे गेले. एवढंच कारण.

तिला काही नेऊन देता येत नाही, पण बसून बोलू देतात. तुला जवळ आहे. अधूनमधून जात जा. ती तुला ओळखते, कोर्टात हात वर केलेला माणूस म्हणून. बोलायला काही नसलं तरी समोर बस.

पावसाने यंदा पाठ सोडलेली नाही, वहिनींना खोकल्याचं औषध घ्यायला सांग. मुलांना माझे आशीर्वाद. जशी मी तुझी आहे, तसा तू माझा राहा.

तुझी
गोदा